फ्रामचा प्रवास आणि ध्रुवीय समुद्राचे विज्ञान: नान्सेन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

उत्तर ध्रुवाभोवती जमीन आहे, उथळ समुद्र आहे की बर्फाच्या कड्यापलीकडे मोकळे पाणी आहे, याचे ठाम उत्तर १८९० पर्यंत कोणाकडेही नव्हते. जर्मन भूगोलज्ञ ऑगस्ट पेटरमान यांच्यासारखे मान्यवर अभ्यासक मोकळ्या ध्रुवीय समुद्राची कल्पना आग्रहाने मांडत असत. याच कल्पनेच्या भरवशावर अमेरिकी नौदलाचे अधिकारी जॉर्ज डी लाँग यांचे ‘जेनेट’ हे जहाज १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून थोड्याच काळात बर्फात अडकले, सुमारे एकवीस महिने बर्फाबरोबर वाहत राहिले आणि जून १८८१ मध्ये न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेस चिरडून बुडाले. डी लाँग आणि त्यांचे बरेच सहकारी सायबेरियात मृत्युमुखी पडले. मोकळ्या समुद्राची कल्पना त्यांच्याबरोबर संपल्यात जमा झाली.

या जहाजाची कथा मात्र तिथे थांबली नाही. १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ, वाहत आलेल्या बर्फावर काही वस्तू सापडल्या. त्यांत डी लाँग यांच्या सहीची शिधासामग्रीची यादी होती आणि एका खलाशाचे नाव असलेली मेणकापडी विजारही होती. सायबेरियाच्या उत्तरेला बुडालेल्या जहाजाच्या वस्तू तीन वर्षांत ग्रीनलंडला पोहोचायच्या, तर वाट एकच संभवत होती आणि ती थेट ध्रुवीय प्रदेशातून जात होती. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी हा निष्कर्ष लेखातून मांडला. तो वाचणाऱ्यांत तेवीस वर्षांचे फ्रित्यॉफ नान्सेन होते.

नान्सेन (१८६१–१९३०) शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते. बर्गेनच्या संग्रहालयात काम करताना त्यांनी मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवर संशोधन केले आणि १८८८ मध्ये त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांनी पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंडचा हिमस्तर प्रथमच आरपार ओलांडला. त्याआधी, १८८२ मध्ये सील मारणाऱ्या एका जहाजावरून ते ग्रीनलंडच्या पूर्वेकडील समुद्रात गेले होते आणि तिथे बर्फावर पडलेले ओंडके पाहून ते कुठून आले असावेत, या प्रश्नाने त्यांना गाठले होते. मोन यांच्या लेखाने या प्रश्नाला दिशा दिली. पुढे त्यांनी पुरावे जोडत नेले: ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागणारे सायबेरियन लाकूड, अलास्कातील घडणीची वाटणारी भाला फेकण्याची काठी, आणि बर्फावरच्या चिखलातील डायटम ही सूक्ष्म शैवले, ज्यांचे नमुने बेरिंग सामुद्रधुनीकडील नमुन्यांशी जुळत होते. यातला एकेक पुरावा तसा दुबळा आहे. एकत्र ठेवल्यावर मात्र ते सगळे एकाच प्रवाहाकडे बोट दाखवतात, आणि हे एकत्र ठेवणे हेच नान्सेन यांचे खरे शास्त्रीय कौशल्य होते, असे मला वाटते.

फेब्रुवारी १८९० मध्ये त्यांनी नॉर्वेच्या भूगोल संस्थेपुढे आपली योजना ठेवली. तोवरच्या मोहिमा बर्फाला टाळण्याचा प्रयत्न करीत. नान्सेन यांना जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचे होते आणि प्रवाह नेईल तिकडे जायचे होते. ध्रुवीय प्रवासातील अनुभवी मंडळींनी, विशेषतः अमेरिकेचे अडॉल्फस ग्रीली यांनी, या योजनेवर कडक टीका केली. नॉर्वेच्या संसदेने तरीही पैसे दिले. जहाजबांधणी करणारे कॉलिन आर्चर यांनी सुमारे ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद असे बुटके, गोलाकार तळाचे जहाज बांधले. बर्फाचा दाब वाढला की ते दोन बाजूंनी चेपले न जाता वर उचलले जावे, अशी त्याची घडण होती. सुकाणू आणि पंखा हे दोन्ही वर ओढून घेता येत. ‘फ्राम’, म्हणजे ‘पुढे’, असे नाव घेऊन ते ऑक्टोबर १८९२ मध्ये पाण्यात उतरले, जून १८९३ मध्ये निघाले आणि सप्टेंबरच्या अखेरीस न्यू सायबेरियन बेटांच्या वायव्येला तेरा माणसांसह बर्फात स्थिरावले.

पुढची जवळजवळ तीन वर्षे हे जहाज म्हणजे एक वाहती वेधशाळा होती. हवामानाच्या आणि चुंबकीय नोंदी सिगुर्ड स्कॉट हान्सेन यांच्याकडे होत्या, आणि पाण्याचे तापमान, क्षारता व खोली यांचे काम बर्फाला भोके पाडून चाले. ‘जेनेट’च्या वाटेवर उथळ पाणीच लागले होते, म्हणून नान्सेन यांनी खोली मोजण्यासाठी बेताचीच दोरी बरोबर घेतली होती. थोडे उत्तरेकडे सरकल्यावर ती दोरी तळाला पोहोचेनाशी झाली. तेव्हा या मंडळींनी जहाजावरचा एक पोलादी दोर उकलला, त्याचे पेड कडाक्याच्या थंडीत बर्फावर लांबवर पसरून पुन्हा वळले आणि चार हजार मीटरांहून लांब अशी मोजदोरी तयार केली. तिने दाखवलेली खोली तीन हजार मीटरांच्या पुढे गेली. ध्रुवाभोवती उथळ समुद्र आणि न सापडलेली जमीन असावी, हा समज या एका दोरीने मोडला. तिथे खोल महासागरी खोरे होते.

त्याहून मोठा शोध तापमापकाने लावला. बर्फाखालचे पाणी गोठणबिंदूच्या आसपास, म्हणजे उणे दीड अंश सेल्सिअसच्या खाली होते. पण सुमारे २०० मीटरांखाली गेल्यावर तापमान शून्याच्या वर चढले आणि ८०० मीटरांच्या आसपासपर्यंत तसेच राहिले. नान्सेन यांनी याचा अर्थ बरोबर ओळखला. हे अटलांटिकमधून नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला आलेले पाणी आहे. ते उबदार असले तरी अधिक खारट, म्हणून जड आहे, आणि वरच्या गोडसर, हलक्या थरांखाली ते शिरते. वरचा थर गोडसर राहतो तो प्रामुख्याने सायबेरियातील प्रचंड नद्यांमुळे. बर्फ वितळवू शकेल एवढी उष्णता त्या पाण्यात बर्फाच्या अवघ्या दोन-अडीचशे मीटर खाली साठलेली आहे आणि मधला क्षारतेचा पडदा तिला वर येऊ देत नाही, हे ध्रुवीय समुद्राच्या रचनेचे मर्म आहे. आजच्या सागरी बर्फाविषयीचे अनेक प्रश्न फिरून याच पडद्यापाशी येतात.

बर्फ कसा वाहतो, याचीही नोंद रोज होत होती. वाऱ्याच्या दिशेशी जहाजाच्या स्थानांची तुलना केल्यावर बर्फ सरळ वाऱ्यामागे न जाता त्याच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी वळतो, असे दिसले. हा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम असून पाण्याचा प्रत्येक थर आपल्या खालच्या थराला ओढताना आणखी थोडा उजवीकडे वळत असावा, हे नान्सेन यांनी ताडले, पण गणित त्यांच्या हाती नव्हते. परतल्यावर त्यांनी हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्यापुढे ठेवला. ब्यर्कनेस यांनी तो आपले तरुण स्वीडिश विद्यार्थी व्हाग्न वाल्फ्रिड एकमन यांना दिला आणि त्यांनी तो सोडवला. १९०५ मधील एकमन यांच्या शोधनिबंधानंतर ‘एकमन सर्पिल’ ही संज्ञा सागरविज्ञानात रुजली. उन्हाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याशी थंड पाणी वर का येते, हे समजावताना अरबी समुद्राचे अभ्यासक हेच गणित वापरतात. नैऋत्य मान्सूनचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृष्ठभागाचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा खालचे पाणी घेते.

‘मृत पाण्या’चे कोडेही याच प्रवासात नोंदले गेले. ऑगस्ट १८९३ मध्ये तैमिर द्वीपकल्पाजवळ इंजिन पूर्ण जोरात चालू असूनही जहाज जेमतेम पुढे सरकत होते. गोड्या पाण्याच्या पातळ थराखाली, खाऱ्या पाण्याच्या सीमेवर जहाज न दिसणाऱ्या लाटा उठवते आणि त्यांतच त्याची शक्ती खर्च होते, हे एकमन यांनी पुढे टाकीतील प्रयोगांनी दाखवले.

मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि ह्यालमार योहान्सेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन परतले. वाचकांच्या लक्षात राहिला तो हा प्रवास. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र मागे राहिलेले जहाज अधिक मोलाचे ठरले, कारण ऑटो स्वेरड्रुप यांच्या नेतृत्वाखाली त्यावरच्या अकरा माणसांनी नोंदी चालू ठेवल्या आणि ऑगस्ट १८९६ मध्ये फ्राम नॉर्वेच्या उत्तरेकडील स्पिट्सबर्गेन बेटाच्या उत्तरेला बर्फातून सुखरूप बाहेर पडले. प्रवाहाचा तर्क खरा ठरला.

मोहिमेचे शास्त्रीय निष्कर्ष पुढे सहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांत उणिवाही होत्या. खोल पाण्याच्या क्षारतेची मापे पुरेशी अचूक नव्हती आणि संपूर्ण खोरे अखंड असल्याची नान्सेन यांची धारणा चुकीची होती. त्याला विभागणारी लोमोनोसोव्ह ही समुद्रतळावरची डोंगररांग सोव्हिएत संशोधकांना १९४८ मध्ये सापडली. मापांतील त्रुटी नान्सेन यांना स्वतःलाच बोचत होती. ठरलेल्या खोलीवरचे पाणी बंद करून वर आणणारी ‘नान्सेन बाटली’ त्यांनी घडवली, आणि तिच्यासोबत उलटे होताच पारा तुटून त्या खोलीचे तापमान टिकवून ठेवणारे तापमापक जगभरच्या जहाजांवर अनेक दशके वापरले गेले. १९०८ मध्ये त्यांचे प्राध्यापकपद प्राणिशास्त्राऐवजी सागरविज्ञानाचे झाले. निर्वासितांसाठीच्या कामाबद्दल १९२२ मध्ये मिळालेले शांततेचे नोबेल हा त्यांच्या आयुष्याचा स्वतंत्र अध्याय आहे.

बर्फाबरोबर वाहण्याची रीत त्यांच्यानंतरही टिकली. १९३७ मध्ये इव्हान पापानिन यांच्यासह चार सोव्हिएत संशोधक ध्रुवाजवळच्या बर्फावर उतरले आणि नऊ महिने वाहत ग्रीनलंडच्या समुद्रात आले. २००६ ते २००८ मध्ये ‘तारा’ हे फ्रेंच शिडाचे जहाज फ्रामसारख्याच मार्गाने सुमारे ५०० दिवसांत बाहेर पडले. फ्रामला जवळजवळ तीन वर्षे लागली होती. या दोन प्रवासांचे प्रारंभबिंदू वेगळे असल्याने ही तुलना जपून करावी लागते, पण बर्फ पातळ झाल्याने तो अधिक वेगाने वाहतो, या निरीक्षणाशी ती सुसंगत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीचे ‘पोलारस्टर्न’ हे संशोधन जहाज एका बर्फपट्ट्याला बांधले गेले आणि जुलै २०२० च्या अखेरीस तो पट्टा ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधील फ्राम सामुद्रधुनीत फुटेपर्यंत, मधले काही आठवडे वगळता, त्याच्याबरोबर वाहिले.

उपग्रहांच्या सलग नोंदी १९७९ पासून आहेत. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आर्क्टिकमधील सागरी बर्फाचा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटला. १९८० च्या दशकात तो त्याच महिन्यात साधारण ७० लाखांच्या घरात असे. नान्सेन यांचे नाव दिलेल्या खोऱ्याच्या पूर्व भागात क्षारतेचा पडदा कमकुवत होत असून अटलांटिकची उष्णता हिवाळ्यात वरपर्यंत पोहोचू लागली आहे, हे गेल्या दशकातील मोजणीतून दिसले आहे. याच पाण्याचा मागोवा घेण्यासाठी गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील काँग्सफ्योर्ड या खाडीमध्ये ‘इंडआर्क’ ही नांगरलेली यंत्रणा सोडली. तिची उपकरणे निरनिराळ्या खोल्यांवर टांगलेली असून पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजतात.