अकरा महिन्यांचा करार आणि नोटरीचा शिक्का

"अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी केली की झालं." भाड्याच्या घरांचं काम करताना हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. महाराष्ट्रात हे चूक आहे.

समज आला कुठून? 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी अकराची पळवाट धरली. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 55 नुसार करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. डिपॉझिट किती, भाडं किती, सगळंच त्यात आलं!

मागे एका आजींकडे ऑनलाइन नोंदणीसाठी मशीन घेऊन गेलो. भांडी घासून घासून अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. चार वेळा ठसा उमटेना. ओल्या फडक्याने बोट पुसलं, मग उमटला. "एवढा खटाटोप कशाला रे?" त्यांनी विचारलं. ते घर म्हणजे त्यांची पेन्शन होती, म्हणून. नोटरीवर भागवून दलाली घेणं मला सहज जमलं असतं. पण ज्या कागदाने आजींचं रक्षण होत नाही, त्याचे पैसे मी घेत नाही.