टेक्ससमध्ये लिंकनचे नाव मतपत्रिकेवरून वगळले होते का?

१८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत टेक्सस राज्याने अब्राहम लिंकनचे नाव मतपत्रिकेवरून काढून टाकले, असे अनेक वर्षे सांगितले जाते. लिंकनला तेथे मते नोंदली गेली नाहीत, हे खरे. परंतु नाव काढून टाकण्याजोगी सरकारी मतपत्रिकाच त्या काळी अस्तित्वात नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या निर्वाचकांची (राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची) नावे असलेल्या चिठ्ठ्या स्वतः छापून वाटत असे आणि मतदार त्यांतली एक पेटीत टाकत असे. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका अमेरिकेत १८८८ नंतरच रुळू लागली.

मग लिंकनच्या चिठ्ठ्या का नव्हत्या? गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची टेक्ससमध्ये संघटनाच नव्हती, आणि त्याचे निर्वाचक म्हणून उघडपणे उभे राहणे जिवावर बेतू शकले असते. ही दहशत कोणत्याही कायदेशीर बंदीपेक्षा सौम्य होती, असे मला मुळीच वाटत नाही. मात्र तिला अधिकृत हुकूम म्हणणे चूक आहे. राज्याची चारही निर्वाचक मते दक्षिणेकडील डेमोक्रॅट उमेदवार ब्रेकिनरिज यांना मिळाली. लिंकन एकूण १८० निर्वाचक मते मिळवून विजयी झाले, ते उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बळावर.