तरतूद वाढली म्हणजे निधी आला असं नसतंय ओ

परवा आमच्या सोलापुरात अशोक चौकात चहा घेताना दोघांची जुंपली. एकजण म्हणतोय सरकारनं गरिबांच्या योजनांना कात्री लावली, दुसरा मोबाईल पुढं करून म्हणतोय हे बघ की, तरतूद हाय, कात्री कुठाय? मला विचाराल तर दोघंबी बरोबर होते, फक्त एक बोलत होता निधीबद्दल आणि दुसरा तरतुदीबद्दल.

तरतूद म्हणजे विधिमंडळानं दिलेली परवानगी, की या कामावर या वर्षात इथपर्यंत खर्च करा. बस्स. घरात ठरलं की दिवाळीला वीस हजार खर्चायचे, म्हणून काय खिशात वीस हजार येत नाहीत.

निधी मात्र वित्त विभाग हप्त्याहप्त्यानं सोडतो, बीम्स नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवरून, आणि तिथं पैसे पडले तरच खालच्या ऑफिसला कोषागारात बिल टाकता येतं. तिजोरीत खडखडाट असला की तरतुदीतले काही टक्केच सोडायचे, बाकीचं नंतर बघू, आणि असं बघू बघू करत ३१ मार्च येतो, राहिलेली तरतूद रद्द. सभागृहात कुणी हात वर केला नाही, "कपात" हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नाही, तरी कपात झालीच की.

१० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलेलं बजेट घ्या. एकूण साधारण ७ लाख कोटी, महसुली तूट, म्हणजे नेहमीच्या खर्चाला कमाई कमी पडते तीच, ४५,८९१ कोटी, आणि लाडकी बहीणला ३६,००० कोटी. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांच्या खात्यात ते १५०० पडले की घराला केवढा आधार होतो ते आम्ही बघतोय, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पगार, पेन्शन, कर्जाचं व्याज थांबवता येत नाही, लाडकी बहीण थांबवायची कुणाची हिंमत नाही, मग माझ्या मते ज्याचा आवाज बारीक त्याचाच हप्ता लांबतो, म्हणजे वसतिगृहातली पोरं, शिष्यवृत्तीवाली पोरं, निराधार म्हाताऱ्या.

यात अजून एक भानगड आहे, वळवण्याची. (आमच्याकडं विडी वळतात, मुंबईत निधी.) मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी लाडकी बहीणकडं गेले तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट स्वतःच जाहीरपणे चिडले होते, विरोधक नव्हे, मंत्री! सरकारची बाजू अशी की हे पैसे अनुसूचित जातीच्या लाभार्थी बहिणींनाच जातात, मग वळवले कसे म्हणता. हिशोबात ते बसतंय बी. पण वसतिगृहासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी वापरता आले असते ते पैसे दुसऱ्या योजनेत गेले, एवढं तर खरं ना?

म्हणून कुणी तरतुदीचा आकडा तोंडावर फेकला तर बजेटच्या पुस्तकातले बाकीचे रकाने पण बघायचे. एक सुधारित अंदाजाचा, म्हणजे वर्ष चालू असताना बदललेल्या आकड्याचा, आणि एक प्रत्यक्ष खर्चाचा, आणि हा खर्चाचा रकाना दोन वर्षं मागं चालतो. २०२५-२६ च्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च २०२३-२४ चा असतोय, म्हणजे चहाच्या गाड्यावर त्या दोघांचं ज्या २०२५-२६ वर्षावरून वाजलं त्याचा खरा आकडा २०२७-२८ च्या पुस्तकात मिळणार.