गाडीनं किती उन्हाळे पाहिले?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुपारी जरा आडवा झालो होतो. "मामा, दिल्लीची टोयोटा कॅमरी हायब्रिड मिळतेय. २०१४ ची आहे, पण चाललीय फक्त ४१ हजार! मालक वयस्कर, गाडी बहुतेक वेळ झाकूनच असायची." दुसरी कॅमरी २०१९ ची, १ लाख १५ हजार चाललेली आणि अर्थातच महाग. त्याचं मन पहिलीवर बसलं होतं. ग्वाल्हेरला दिल्लीच्या जुन्या गाड्यांची आवक कायमचीच, आणि "कम चली है" एवढं कानावर पडलं की आपली लष्कर मोहल्ल्यातली माणसं विरघळतात.

साध्या पेट्रोल गाडीला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, कारण इंजिन झिजतं ते चालण्यानं. हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, मात्र एक ऐवज असा आहे की तो उभ्या उभ्या म्हातारा होतो: मोटरची बॅटरी.

त्याआधी एक खुलासा. मागे 'हायब्रिड' लिहिलेली प्रत्येक गाडी या लेखाच्या कामाची नाही. २०१५ पासून मारुती सियाझवरही तो शब्द होता. तिच्यातली छोटी मोटर इंजिन सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते; पण नुसत्या मोटरवर ती वीतभरही सरकत नाही. गाडी चांगली, विषय वेगळा. आणि ते जाहिरातीतलं 'सेल्फ-चार्जिंग'! स्वतःहून काही चार्ज होत नसतं. शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोल पंपावरूनच येते. ब्रेक लावताना उष्णता होऊन वाया जाणारा तिचा काही भाग परत पकडायचा आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगात चालू द्यायचं, एवढीच करामत.

आता बॅटरी. २०१३ मध्ये आपल्याकडे आलेल्या कॅमरी हायब्रिडची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड जातीची. १.२ व्होल्टचा एक सेल, सहा सेलचं एक मॉड्यूल, आणि अशी ३४ मॉड्यूल. म्हणजे २०४ सेल, सगळे एकसर जोडणीत, बेरीज २४४.८ व्होल्ट.

प्रत्येक सेलच्या ऋण पट्टीत लँथॅनमसारख्या धातूंच्या मिश्रधातूची भुकटी असते. चार्ज होताना हायड्रोजनचे अणू या धातूच्या जाळीत शिरून बसतात, वीज देताना बाहेर पडतात. शिरले की कण फुगतो, निघाले की आकसतो. हे पुन्हा पुन्हा झालं की कणाला तडे जातात, आटलेल्या तळ्यातल्या गाळाला जावेत तसे. तड्यात कोरा धातू उघडा पडतो आणि भोवतालचं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण त्याला गंजवतं. गंजताना पाणी खर्ची पडतं, सेल आतून कोरडा होत जातो, त्याचा रोध वाढतो. गंज चढायला गाडी चालावी लागत नाही. ऊन पुरतं.

रसायनशास्त्रात एक ढोबळ आडाखा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत ६० च्या पुढे जातं. बॅटरी ५५ पर्यंत तापली असं धरू. २५ अंशांच्या मानानं तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. नौतप्यातली, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतली, एक दुपार म्हणजे हिवाळ्यातल्या आठ दुपारी! भाच्याची ती झाकलेली गाडी तोवर दहाएक उन्हाळे भाजून निघाली होती, आणि मीटरवर त्याची नोंद कुठेच नव्हती.

पण माझा खरा लाडका भाग पुढचा आहे. हे २०४ सेल कधीच सारख्या वेगानं म्हातारे होत नाहीत. मधल्यांना वारा कमी लागतो, ते आधी थकतात. शिवाय या जातीचे सेल नुसते ठेवले तरी आपोआप रिते होतात, आणि प्रत्येकाचा वेग निराळा. महिनोन्‌महिने गाडी उभी असली की ही तफावत रुंदावत जाते. समजा एका सेलची धारणशक्ती निम्म्यावर आली. चढावर तुम्ही पाय दाबलात. एकसर जोडणीत विद्युतधारा सगळ्यांतून सारखीच जाते, हे शाळेत शिकलोय. तो सेल रिकामा झाला तरी उरलेले २०३ त्याच्यातून धारा ढकलतच राहतात. मग त्याची ध्रुवताच उलटते! घरात चार पैसे देणारा माणूस उलट मागायला लागावा, तसं. आत वायू तयार होतो, दाब वाढला की झडप उघडते, वायूबरोबर पाणीही जातं. सेल आणखी दुबळा होतो आणि पुढच्या चढावर आणखी लवकर उलटतो.

गाडीचा संगणक बॅटरी अगदी रिती किंवा अगदी भरलेली होऊच देत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांत खेळवतो, तो यासाठीही. पण त्याला एकेक सेल दिसत नाही. या पॅकमध्ये तो मॉड्यूलच्या जोड्या मोजतो, असे १७ ब्लॉक. ब्लॉकमध्ये १२ सेल, म्हणजे १४.४ व्होल्ट. एक सेल गेला की तो ब्लॉक १३.२ वर येतो. मोबाइलला जोडायच्या स्कॅनरवर हे आकडे दिसतात. पाहायचे ते मात्र गाडी जोर लावत असताना. निवांत उभ्या गाडीत आजारी ब्लॉकही शहाण्यासारखा वागतो.

मग कोणत्या सालची घ्यावी? २००८ ची होंडा सिव्हिक हायब्रिड फक्त हौसेसाठी. पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली. २०१३ ते २०१८ ची कॅमरी घ्यायची तर बॅटरी बदलल्याचं बिल हातात हवं, नाहीतर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून बोला. २०१९ मध्ये कॅमरीची नवी पिढी आली. रसायन तेच, पण बॅटरी डिकीतून मागच्या सीटखाली गेली. त्याहून महत्त्वाची तारीख ऑगस्ट २०२१ : तेव्हापासून बॅटरीची वॉरंटी ३ वर्षांवरून ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर झाली. परवडत असेल तर त्यानंतरचीच बघा. मे २०२२ च्या होंडा सिटी हायब्रिडमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे; ती पडून राहिली तरी फारशी उतरत नाही. डिकी मात्र बॅटरीनं बरीच खाल्लीय, लग्नाला निघालात तर बॅगा मांडीवर. आणि साल बघायचं ते आरसीवरचं निर्मितीचं, नोंदणीचं नव्हे.

भाच्याचं बजेट २०१९ च्या पुढे जाईना. मग आम्ही ती गाडी घेऊन किल्ल्यावर गेलो, उरवाई गेटनं, भर दुपारी. किल्ल्याची टेकडी सुमारे १०० मीटर उंच. माणसांसकट १८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे १८०० गुणिले ९.८ गुणिले १००, सुमारे १७.६ लाख ज्यूल; विजेच्या बिलाच्या भाषेत जवळपास अर्धं युनिट. बॅटरीत सगळी मिळून १.६ युनिट, त्यातली वापरायची जेमतेम ०.६. चाचणीला याहून सोयीचा डोंगर कोण देणार? थकलेल्या बॅटरीच्या डॅशबोर्डवरच्या कांड्या चढावर धडाधड उतरतात. आणि उतारावर ती अर्ध्या वाटेतच 'भरते'; मग जास्तीची ऊर्जा कुठेतरी घालवायला हवी, म्हणून इंजिन पेट्रोल न पिताच घरघरू लागतं. आम्ही कान देऊन बसलो होतो. कातळातल्या तीर्थंकरांच्या मूर्ती मागे पडल्या, फाटक आलं, इंजिन गप्प. स्कॅनरवरचे आकडेही एका ओळीत.

फक्त पंखा फार ओरडत होता. मागच्या सीटखालची जाळी काढली तर आतल्या गाळणीवर धुळीची घट्ट गोधडी, आणि तिच्यात कुणाच्या तरी साडीच्या तीन चंदेरी टिकल्या. याच जाळीतून बॅटरीला गार हवा मिळते. वर पिशवी टेकवून बसणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मी ती गाळणी डीलरसमोर धरून भाव पाडायच्या तयारीत होतो, तोच त्यानं आपणहून वीस हजार कमी केले. गाडीच्या नंबरची बेरीज आठ येत होती. शनीचा अंक, त्यापायी दोन गिऱ्हाइकं परत गेली होती म्हणे. सुमारे १४० कोटी किलोमीटरवरच्या ग्रहाला आरटीओची नंबरमालिका कशी कळते, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. भाच्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला.