खगोलविज्ञानातील स्वयंसेवी आज्ञावलीलेखन

खगोलविज्ञानातील स्वयंसेवी आज्ञावलीलेखन : विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या अवकाशविषयक संशोधनाला लागणाऱ्या संगणक-आज्ञावल्या मोबदला न घेता लिहिणे, सुधारणे वा तपासणे. परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या ‘सेटी ॲट होम’मध्ये (१९९९) लोकांनी घरच्या संगणकाचा रिकामा वेळ दिला, ‘गॅलक्सी झू’मध्ये (२००७) दीर्घिकांचे आकार डोळ्यांनी पारखले, येथे दिले जाते ते प्रोग्रामिंगचे कसब.

आरंभ कोठे मानावा, हे व्याख्येवर ठरते. निरीक्षणांच्या देवाणघेवाणीसाठी १९७९ च्या सुमारास ठरलेली व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फिट्स’ संचिकारचना (फाइलमधील माहितीची ठरावीक मांडणी) ही पहिली पायरी मानता येईल. परंतु ती रचणारे वेधशाळांचे पगारी शास्त्रज्ञ होते. त्याच सुमारास अमेरिकेतील किट पीक वेधशाळेत सुरू झालेल्या ‘आयराफ’ या प्रतिमा-प्रक्रियेच्या आज्ञावलीसंचालाही हाच आक्षेप लागू पडतो. विखुरलेल्या हातांनी एकच संग्रह बांधण्याची रीत पाहता २०११ मध्ये आकाराला आलेला ‘ॲस्ट्रोपाय’ हा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील आज्ञावली-संग्रह अधिक योग्य उदाहरण ठरतो. अर्थात त्यातही बरेचजण व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञच आहेत.

निखळ बाहेरच्या माणसाचे उदाहरण ‘आइन्स्टाइन ॲट होम’मध्ये (२००५) सापडते; या प्रकल्पात लोकांच्या घरच्या संगणकांवर गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळातील तरंगांचा) शोध घेतला जातो. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यापासून येणारी गुरुत्वीय लहर फार क्षीण असते. पृथ्वीच्या गतीमुळे तिची वारंवारता सतत सरकते आणि हे सरकणे आकाशातील दिशेनुसार बदलते. म्हणून प्रत्येक दिशा आणि प्रत्येक वारंवारता यांसाठी गणित वेगळे मांडावे लागते. २००६ मध्ये हंगेरीतील एका स्वयंसेवकाने हे गणित करणाऱ्या प्रकल्पाच्या आज्ञावलीतील सर्वाधिक वेळ खाणारा भाग प्रक्रियकाच्या (प्रोसेसरच्या) ‘एसएसई’ आज्ञांनी नव्याने लिहिला. या आज्ञा एकाच वेळी चार दशांश-संख्यांवर क्रिया करतात. गणन कित्येक पटींनी जलद झाले आणि पुढील आवृत्तीसाठी प्रकल्पाने त्याला रीतसर पाचारण केले.

पुण्यातील आयुका ही खगोलविज्ञान संशोधनसंस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांच्या सहकार्यातून खगोलीय सारण्यांचे आलेख काढणारी ‘व्हीओप्लॉट’ ही आज्ञावली तयार झाली. ती कंपनीच्या अभियंत्यांच्या हातची असल्याने काटेकोर अर्थाने स्वयंसेवी नव्हे. ‘गूगल समर ऑफ कोड’ या गूगलच्या उपक्रमातून ॲस्ट्रोपाय आणि सूर्यविषयक ‘सनपाय’ या संग्रहांवर काम करणाऱ्यांना विद्यावेतन मिळते, त्यामुळे तेही सीमेवरच राहतात.

श्रेयाचा प्रश्न जुना आहे, कारण शोधनिबंधात आज्ञावलीच्या लेखकाला सहसा स्थान नसे. १९९९ पासूनचा ‘ॲस्ट्रोफिजिक्स सोर्स कोड लायब्ररी’ हा संग्रह आता प्रत्येक आज्ञावलीला उद्धृत करता येईल असा क्रमांक देतो.