माफ केलं म्हणजे समेट झाला का?

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास, माझा चुलतभाऊ घरी आला. निफाडकडे त्याची द्राक्षबाग आहे. तिच्यासाठी त्याने आधी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं आणि जामीनदार म्हणून सही माझी होती. अवकाळी पावसात बाग गेली. त्याने हप्ते थांबवले आणि माझे फोन घेणंही थांबवलं. नोटीस माझ्या नावाने आली. उरलेले एक लाख ऐंशी हजार मी भरले. वर्षभर राग धुमसत राहिला. मग एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला पुढे जाण्याआधी तो मी सोडला, आणि तसं त्याला कळवलंही. आता तो समोर बसून नव्या कर्जाचा फॉर्म पुढे सरकवत होता. "ताई, तू मला माफ केलंस ना? मग सही करायला काय हरकत आहे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. सही केली नाही तर माझी क्षमा खोटी ठरेल, अशी भीती वाटली. त्या रात्री पवित्र शास्त्र उघडून बसले, तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजत होते. आपल्याकडे उपदेशात 'क्षमा आणि समेट' हे शब्द इतके जोडून येतात की त्यांच्यातला 'आणि' ऐकूच येत नाही.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत शुभवर्तमानकार मत्तय जो शब्द वापरतो तो हिशेबाच्या वहीतला आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." क्षमेसाठीच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच सोडून देणं, मोकळं करणं असा आहे. येणं माझं असतं, म्हणून ते सोडणंही माझ्या हातात असतं. दुसऱ्याची सही लागत नाही. समेटासाठी प्रेषित पौल आपल्या पत्रांत जो शब्द वापरतो त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे, नाण्यांच्या बदल्यात नाणी द्यावीत तशी. ती एकट्याने करता येत नाही.

हा फरक येशूच्या दोन वचनांत मला सगळ्यात स्पष्ट दिसला. दोन्ही वचनं उपासनेच्या क्षणाबद्दल आहेत, म्हणून ती सहज एकमेकांत मिसळतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात माणूस वेदीजवळ अर्पण घेऊन उभा आहे आणि त्याला आठवतं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. इथे देणेकरी तो स्वतः आहे. त्याला सांगितलंय की अर्पण तिथेच ठेव, निघ, आणि आधी भावाबरोबर समेट कर. मार्काच्या अकराव्या अध्यायात माणूस प्रार्थनेला उभा आहे आणि दुसऱ्याविरुद्ध काहीतरी त्याच्या मनात आहे. आता घेणेकरी तो आहे. त्याला 'जा' असं म्हटलेलंच नाही. आहेस तिथेच, उभ्या उभ्या क्षमा कर.

चूक ज्याची, त्याने चालत जायचं. ज्याचं नुकसान झालं, त्याने मनातली वही बंद करायची. माझ्या भावाने आणि मी मिळून यातलं अर्धं उलटं करून ठेवलं होतं. वही मी बंद केली होती, तरी चालत जायचं कामही माझ्याच गळ्यात पडत होतं.

लूकाच्या सतराव्या अध्यायात मात्र 'त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर' असं आहे, आणि त्यावरून पश्चात्तापाशिवाय क्षमाच नाही असं मानणारेही आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. मार्कातल्या त्या प्रार्थनेत समोरचा माणूस हजरच नाही, मग त्याच्या पश्चात्तापाची वाट कुठे बघणार? पण त्याला जवळ घेऊन पुन्हा सोबत चालायचं असेल, तर लूकाची अट मला फार खरी वाटते.

एका वचनाच्या गैरवापराबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. भावाला किती वेळा क्षमा करायची, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर: "सातांच्या सत्तर वेळा." नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला हे वचन ऐकवून परत धाडलेलं मी पाहिलं आहे. वचन सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांनी अध्याय वरून वाचला नव्हता. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, काही ओळी आधी, येशू सांगतो की भावाने अपराध केला तर एकांतात त्याला त्याची चूक दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा होवो. म्हणजे साक्षीदार आहेत, मंडळीची जबाबदारी आहे, आणि शेवटी अंतर ठेवण्याची मुभाही आहे. पेत्राचा 'किती वेळा?' हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. त्या मुलीने मनातून नवऱ्याला माफ केलं असेल, नसेल, ते तिचं आणि देवाचं. त्याच घरात परत राहायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्या क्षमेचा दाखला म्हणून ती मागणं हा अन्याय आहे.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते योसेफाने. त्याला वीस रुप्यांना विकणारे भाऊ दुष्काळात धान्य मागायला त्याच्यासमोर येतात, तेव्हा तो मिसरचा मोठा अधिकारी झालेला असतो. तो त्यांना ओळखतो, बाजूला जाऊन रडतो, पण स्वतःची ओळख देत नाही. उत्पत्तीचे ४२ ते ४४ हे तीन अध्याय तो त्यांना पारखतो. धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत रुप्याचा प्याला ठेववतो आणि बघतो की हे याही भावाला सोडून पळतात का. लहानपणी मला तो सूड वाटायचा. आता वाटतं, राग धरून बसलेला माणूस बाजूला जाऊन असा रडत नाही. मन त्याचं आधीच मऊ झालेलं आहे, भावांवर विश्वास मात्र अजून बसलेला नाही. मग यहूदा पुढे येतो. योसेफाला विकण्याची कल्पना याच यहूदाची होती. त्याने बापाला शब्द दिलेला असतो की मी बन्यामीनाचा जामीन होतो, आणि आता तो म्हणतो, मुलाच्या बदली मला दास म्हणून ठेवा. त्यानंतरच योसेफ सगळ्यांना बाहेर काढतो आणि हंबरडा फोडून सांगतो, मी योसेफ.

समेट उभा राहिला तो जामिनावर, आणि जामीन झाला तो अपराधी. 'जामीन' या शब्दाशी मी त्या रात्री बराच वेळ थांबले.

आणखी एक जामीन फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात आहे. पळून आलेल्या अनेसिम या दासाला पौल त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतो, "दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून" त्याचा स्वीकार कर असं सांगतो, आणि पुढे लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. पौल ते देणं गालिच्याखाली सरकवत नाही. ते आपल्या नावावर घेतो. आम्हा नाशिककरांना हे पत्र जवळचं वाटायला हवं. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूरमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहत आणि शिकत होती. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. 'दास नव्हे, बंधू' हे शब्द त्या मुलांच्या कानावर कसे पडले असतील, हा विचार शरणपूर रोडवरून जाताना मनात येतो.

समेटाला वेळ लागतो हे सांगायला याच भागातलं एक घर पुरे आहे. लक्ष्मीबाई टिळक गोदाकाठच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती होऊन बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी आधी सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन चुली, आणि तरीही ते घर जुळत होतं. उत्पत्तीतले याकोब आणि एसाव हे दुरावलेले भाऊ तर गळ्यात पडून रडले आणि मग आपापल्या वाटेने गेले, एक सेईरला, एक सुक्कोथला. शास्त्र त्याला अपयश म्हणत नाही. रोमकरांस पत्रात पौलही "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके" शांतीने राहा, असंच लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. म्हटलं, "त्या पैशांचं मी पुन्हा कधी काढणार नाही. ते सुटलं. पण सही करणार नाही, कारण माझे फोन तू का उचलले नाहीस हे आपण अजून बोललोच नाही. रविवारी जेवायला ये."

त्या रविवारी तो आला नाही. नाताळात आला, वहिनीला आणि मुलांना घेऊन, आणि जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून बोलला. लाज वाटत होती म्हणाला. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला माझ्या खात्यात दोन हजार रुपये आले. मी फोन करून म्हटलं, "अरे, मी सोडलंय ना ते." तो म्हणाला, "तू सोडलंस गं ताई. मला द्यायचंय."

मग मी ते परत पाठवले नाहीत. आता दर दहा तारखेला येतात. कधी पंधराला येतात, आणि तेव्हा उशीर होईल असा फोन आधी त्याचाच येतो.