पार्श्वभूमी : गिरणगावात बालपण आलं कुठून?

लालबाग-परळच्या, म्हणजे मुंबईतल्या गिरणगावाच्या आठवणी निघाल्या की काही गोष्टी हमखास येतात. भोंगा, सामाईक नळावरची भांडणं, गॅलरीत टाकलेली अंथरुणं, गल्लीतलं क्रिकेट, गणपतीची वर्गणी. यातलं काही खोटं नाही. पण ऐकणाऱ्याचा समज होतो की गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून तिथल्या पोरांचं आयुष्य असंच होतं. तसं नव्हतं. कावसजी नानाभाई दावर यांची, मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला 1856 मध्ये सुरू झाली आणि 1982 च्या संपानंतर या धंद्याचं कंबरडं मोडलं. मधल्या सव्वाशे वर्षांपैकी निम्मा काळ तरी कामगाराचं पोर एकतर गिरणीत असायचं, नाहीतर गावाला. शाळेतून येऊन दप्तर फेकून गल्लीत पळणारं पोर फार उशिरा दिसायला लागलं, आणि दोनेक पिढ्यांतच ते चित्र पुसलंही गेलं.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम ठरवलं. म्हणजे आठ वर्षांच्या पोराने नऊ तास राबणं कायदेशीर होतं आणि ही सुधारणा मानली गेली! 1891 मध्ये किमान वय नऊ झालं, 1922 मध्ये बारा आणि 1948 च्या कायद्याने चौदा. भरलेल्या बॉबिनी, म्हणजे सुताची रिळं काढायची, रिकाम्या चढवायच्या, तुटलेला धागा जोडायचा ही कामं लहान बोटांकडे असत. बापाला आठवड्यातून एक दिवस घरी दिसायलाही लढा द्यावा लागला. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

पण बहुतेकांचं घर मुंबईत होतंच कुठे? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला गडी एकटा यायचा. एकेका गावाने मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने त्यात झोपायचं, जेवायला एखाद्या बाईची खाणावळ धरायची. बायको-पोरं गावाला, कारण शेत कुणीतरी बघायला हवं आणि मुंबईच्या भाड्यात बिऱ्हाड परवडायचं नाही. शिमग्याला किंवा गणपतीला घरी येणारा, ट्रंकेत गिरणीचं कापड आणणारा पाहुणा, एवढीच त्या पोरांना बापाची ओळख. 1896 च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती सरकारच्या डोळ्यांत भरली, 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून बीडीडीच्या 207 चाळी उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. आज ही खुराडी वाटतील, पण कुटुंब मुंबईत आणायचा विचार कामगाराला करता आला तो अशाच खोल्यांच्या जोरावर.

ज्यांच्या आया गिरणीत जात त्या तान्ह्या मुलांचे हाल वेगळेच. 1920 च्या दशकात दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. आई परत येईपर्यंत मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत, त्या वेळच्या सरकारी पाहणीतच याची नोंद आहे. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या बाजूने कायदेमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. पुढे पाळ्या वाढल्या, बायकांना रात्रपाळी कायद्याने बंद होती, यंत्रंही बदलत गेली आणि बायकांची संख्या घटत गेली. मजुरी सुटलेली बाई खाणावळ चालवू लागली. म्हणजे आई घरी असली तरी चूल दहा-पंधरा परक्या माणसांसाठी पेटलेली.

आता गल्लीकडे या. गिरणगावातली पोरं सदानकदा रस्त्यावर का असत, याचं उत्तर पाळ्यांत आहे. तीन पाळ्या रुळल्यावर सकाळी 7 ते 3.30, तिथून रात्री 12, आणि 12 ते सकाळी 7 असा दिवस कापला गेला. रात्रपाळीचा बाप सकाळी येऊन झोपणार, खोली एकच, त्यात एखादा काका किंवा गाववाला दुसऱ्या पाळीचा. पोरांनी आवाज केला की धपाटा. त्यामुळे अभ्यास जिन्यात नाहीतर गॅलरीत आणि बाकी सगळं खाली. बाप साळखात्यातला, म्हणजे विणकामातला असेल तर जागेपणीही गडबड, कारण मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस घरातही ओरडूनच बोलतो. चाळीतलं शेजारपाजारचं प्रेम वगैरे आपण फार रंगवतो. ते होतं, पण त्याच्या मुळाशी जागेची टंचाई होती. शेजारणीच्या दारात पोर जेवलं याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की आपल्या दारात माणूस झोपलेला होता.

रस्त्यावरच्या या पोरांसाठी मग ठिकाणं उभी राहिली, आणि ती आपोआप नाही आली. 1925 मध्ये पालिकेने सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं ते आधी एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे बरंचसं गिरणी पट्ट्यातच. कामगार नेते ना. म. जोशींनी 1911 मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा चालवल्या, परळला दामोदर हॉल बांधला. चिंचपोकळीचा गणपती 1920 चा, गणेश गल्लीचा 1928 चा, लालबागच्या राजाचा 1934 चा. मंडळाच्या शेजारी व्यायामशाळा, तिथे कबड्डी. 1944 पासून शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांचं डाव्या चळवळीतलं लाल बावटा कलापथक. राजकारण पोरांना सभेत नाही, पोवाड्यात भेटलं. पन्नाशीच्या दशकात कामगार कल्याण केंद्रं आली, तिथे फुकटात पेपर वाचायला मिळायचा आणि पंख्याखाली बसायला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात बापाच्या खांद्यावर बसून गेलेली पोरं ही या बहराच्या काळातली.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. बाप घरी बसला आणि पोरांचं वय एकदम वाढलं. कुणाची शाळा सुटली, कुणी वडापावची गाडी लावली, कुणी गावच्या शाळेत पुन्हा नाव घातलं. काही मुलं टोळ्यांच्या हाती लागली, तेही सांगायला हवं. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, त्यातला लोकांच्या मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी ठेवायचा वाटा 2001 च्या दुरुस्तीने आकसला. ज्या अंगणात मुलं खेळू शकली असती ते मॉल आणि टॉवरखाली गेलं. वरळीच्या बीडीडीत 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या किल्ल्या 2025 मध्ये मिळाल्या. तिथे रात्रपाळी करून आलेला माणूस दार लावून झोपू शकतो.